दिआब्लोस रोहोस: मेक्सिको सिटीच्या बेसबॉल संघाचा वर्षवार इतिहास कसा मांडायचा

मेक्सिको सिटीच्या दिआब्लोस रोहोस संघाचा, म्हणजे 'लाल सैतानां'चा, इतिहास दोन ओळींत सांगता येतो. १९४० साली संघ उभा राहिला आणि २०२५ पर्यंत त्याने १८ विजेतेपदं मिळवली. मेक्सिकन बेसबॉल लीगमध्ये इतकी विजेतेपदं दुसऱ्या कुठल्याही संघाकडे नाहीत. घोळ सुरू होतो तो तिसरी ओळ लिहायला घेतली की. एका ठिकाणी संघाचं नाव वेगळं, दुसरीकडे मैदान वेगळं, एकाच खेळाडूचे होम रन (चेंडू कुंपणापार धाडणारे फटके) दोन ठिकाणी दोन वेगळे. बहुतेक वेळा यात कोणीच चुकलेलं नसतं, प्रत्येकजण वेगळी गोष्ट मोजत असतो. कोण काय मोजतोय हे ओळखायची पद्धत इथे दिली आहे. लागणारं साहित्य थोडंच: एक स्प्रेडशीट किंवा आडव्या पानांची वही, पेन्सिल, आणि तीसेक स्पॅनिश शब्द. स्पॅनिश भाषा यायलाच हवी असं नाही.

तक्त्याला आठ रकाने पुरतात: वर्ष, घरचं मैदान, व्यवस्थापक, खेळलेले सामने, विजय, पराभव, हंगामाचा शेवट आणि टिपा. टिपांचा रकाना बाकी सगळ्यांपेक्षा दुप्पट रुंद ठेवा. तो अरुंद ठेवला की अपवाद दुसऱ्या कागदावर जातात, आणि सहा महिन्यांनी तो कागद सापडत नाही.

आधी नावांचा गुंता सोडवा

पूर्ण नाव 'दिआब्लोस रोहोस देल मेहिको'. यातला 'मेहिको' म्हणजे देश नव्हे, शहर. गुणतक्त्यात संघ नुसता 'मेहिको' म्हणूनही येतो, त्यामुळे नवख्याला तो राष्ट्रीय संघ वाटतो. सुरुवातीच्या वर्षांत संघाचं नाव फक्त 'रोहोस', म्हणजे 'लाल' होतं, 'दिआब्लोस' मागाहून चिकटलं. म्हणून १९४० च्या दशकातल्या पहिल्या वर्षांच्या बातम्या 'दिआब्लोस' टाकून शोधल्या तर फारसं काही हाती लागत नाही. तिथे 'रोहोस' टाका. अलीकडच्या बातम्यांसाठी आणखी दोन शब्द जवळ हवेत: 'पिंगोस' (सैतानासाठीचा लाडिक शब्द) आणि 'एस्कार्लातास' (किरमिजी रंगाचे). मेक्सिकन क्रीडापत्रकार एका बातमीत तेच नाव दोनदा लिहायचं टाळतात, त्यामुळे मथळ्यात पिंगोस आणि मजकुरात एस्कार्लातास असं सर्रास दिसतं.

त्याच शहरात १९५५ पासून दुसराही संघ होता, आलेहो पेराल्ता या उद्योजकाने काढलेले तिग्रेस, म्हणजे वाघ. त्यांच्याही नावापुढे 'मेहिको' असे. पहिल्याच हंगामात ते विजेते झाले, आणि या दोन संघांच्या लढतीला 'गेर्रा सिव्हिल', म्हणजे यादवी युद्ध, असं नाव पडलं. १९५५ ते २००१ या काळातल्या कुठल्याही तक्त्यात 'मेहिको' दिसलं की दुसऱ्या ओळीत 'तिग्रेस' आहे का ते आधी बघा. असेल तर नुसता 'मेहिको' म्हणजे आपला संघ.

याच्या उलट फसवणूक १९४० च्या आसपास होते. 'आसुलेस दे व्हेराक्रूझ' नावाचा संघ व्हेराक्रूझ बंदराचा वाटतो, पण होर्हे पास्केल या धनाढ्य मालकाने तो मेक्सिको सिटीत खेळवला. जॉश गिब्सन आणि कूल पापा बेल हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लीगमधले थोर खेळाडू त्याच संघात होते. वर्णभेदामुळे त्यांना अमेरिकेच्या मेजर लीगचे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगचे, दरवाजे तेव्हा बंद होते, मेक्सिकोत मात्र ते तारे होते. 'जॉश गिब्सन मेक्सिको सिटीत खेळला' हे वाक्य खरं आहे, पण त्याला दिआब्लोसच्या यादीत घालू नका. आपल्या संघाच्या यादीत त्या पिढीतले बर्निस राइट आणि पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) थिओलिक स्मिथ येतात. राइटने १९४३ साली फलंदाजीची सरासरी, होम रन आणि आणलेल्या धावा (त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा) या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता.

व्यक्तींची नावं लावताना एक नियम पाळा. स्पॅनिश नावात आधी वडिलांकडचं आडनाव येतं, मग आईकडचं. संघाचे आताचे मालक आल्फ्रेदो आर्प एलू यांचं आडनाव 'आर्प', त्यामुळे यादी लावताना ते 'आर्प'खाली येतील, 'एलू'खाली नाही. स्पॅनिशमध्ये एच अक्षराचा उच्चार होत नाही. रोमन लिपीत मात्र दोन्ही आडनावं एचनेच सुरू होतात. उच्चारावरून शोधणारा इथे हमखास अडकतो.

मैदानांवरून कालखंड पाडा

दशकांनुसार प्रकरणं पाडण्यापेक्षा मैदानांनुसार पाडा. मैदान बदललं की धावा, गर्दी आणि पैसा, तिन्ही बदलतात. दशक बदललं म्हणून काहीच बदलत नाही.

संघ स्थापन केला साल्व्हादोर लुतेरोत आणि एर्नेस्तो कार्मोना यांनी. लुतेरोत म्हणजे १९३३ साली मेक्सिकन कुस्तीची, 'लुचा लिब्रे'ची, मोठी कंपनी काढणारा आयोजक. कार्मोना तर लीगच्याच दोन संस्थापकांपैकी एक. दुसरे पत्रकार आलेहान्द्रो आगिलार रेयेस, जे 'फ्राय नानो' या टोपणनावाने लिहीत. लीग १९२५ सालची, म्हणजे संघ लीगपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. विजेत्यांच्या यादीत १९२५ ते १९३९ मध्ये दिआब्लोस शोधण्यात वेळ घालवू नका.

पहिलं घर पार्के देल्ता. ते पाडून त्याच जागी १९५५ मध्ये पार्के देल सेगुरो सोसिआल उभं राहिलं. हे मैदान ४५ वर्षं टिकलं आणि तिग्रेससोबत वाटून घेतलं गेलं. २००० च्या हंगामाच्या मध्यावर संघ तिथून निघून फोरो सोल या संगीत मैफलींसाठी बांधलेल्या खुल्या प्रेक्षागृहात गेला. म्हणून २००० च्या ओळीत मैदानाच्या रकान्यात दोन नावं येतात. एकच लिहिलंत तर त्या वर्षीचा 'घरच्या मैदानावरचा' कुठलाही आकडा चुकणार. फोरो सोलमध्ये २०१४ पर्यंत, मग २०१५ ते २०१८ फ्राय नानो मैदान, आणि २०१९ पासून आल्फ्रेदो आर्प एलू स्टेडियम.

फ्राय नानोमध्ये जेमतेम पाच हजार प्रेक्षक मावत. त्या चार वर्षांची उपस्थिती आधीच्या आणि नंतरच्या वर्षांशेजारी ठेवली की लोकांनी संघाकडे पाठ फिरवली असं दिसतं. तसं नव्हतं, खुर्च्याच नव्हत्या. आताच्या स्टेडियममध्ये सुमारे २० हजार आसनं आहेत. या काळाची तुलना करायचीच असेल तर प्रेक्षकसंख्येऐवजी किती टक्के आसनं भरली ते काढा.

शोधताना आणखी एक खड्डा आहे. सेगुरो सोसिआल पाडल्यावर त्या जागेवर खरेदी संकुल आलं आणि त्याला जुनंच नाव मिळालं, 'पार्के देल्ता'. इंटरनेटवर ते नाव टाकलं की दुकानांच्या वेळा आणि सिनेमाची तिकिटं समोर येतात. सोबत 'बेइस्बोल' आणि वर्ष जोडा.

विजेतेपदं मोजताना

यादी अशी: १९५६, १९६४, १९६८, १९७३, १९७४, १९७६, १९८१, १९८५, १९८७, १९८८, १९९४, १९९९, २००२, २००३, २००८, २०१४, २०२४, २०२५. ती स्वतः मोजा, १८ भरली पाहिजेत. २०१४ च्या विजयानंतर आणि २०२४ च्या आधी लिहिलेल्या लेखात १६ असतील आणि २०२४ च्या शेवटी लिहिलेल्यात १७. जुन्या लेखातला आकडा उचलण्याआधी त्या लेखाची तारीख बघा.

सगळी विजेतेपदं एकाच पद्धतीने ठरलेली नाहीत. १९७० पासून लीगचे विभाग पडले आणि अंतिम मालिका नेहमीची झाली. त्याआधीच्या काळात बऱ्याच वर्षी गुणतक्त्यात वर राहिलेला संघच विजेता असे. म्हणून 'अंतिम मालिकेतला प्रतिस्पर्धी' असा रकाना सरसकट सगळ्या वर्षांना लावू नका. जुन्या वर्षांत तो रिकामा राहतो आणि भरायच्या नादात दुसऱ्या क्रमांकाचा संघ तिथे घुसतो. मी तर तो मजकूर टिपांतच ठेवायला सांगेन.

हंगामांच्या मोजणीत तीन वर्षं वेगळी आहेत. १९८० मध्ये खेळाडूंनी संप केला आणि हंगामाची घडी विस्कटली. २०१८ मध्ये एका वर्षात दोन स्वतंत्र स्पर्धा झाल्या, वसंतातली युकातानच्या लेओनेस संघाने आणि दुसरी मॉन्टेरेच्या सुल्तानेस संघाने जिंकली. २०२० मध्ये कोरोनामुळे एकही सामना झाला नाही. यामुळे 'वर्षं' आणि 'हंगाम' हे दोन आकडे जुळत नाहीत, आणि दर हंगामी सरासरी काढताना भागायचं कशाने हा प्रश्न पडतो. २०१८ ला दोन ओळी द्या, २०२० ची ओळ ठेवून त्यात शून्य न लिहिता आडवी रेघ मारा. शून्य लिहिलं की स्प्रेडशीट ते सरासरीत धरते.

सामन्यांची संख्याही बदलत गेली. २०२४ मध्ये दिआब्लोस ७१ जिंकले, १९ हरले, म्हणजे ९० सामने. जुन्या मोठ्या हंगामांत याहून कितीतरी जास्त सामने असत. तेव्हा निव्वळ विजय मोजून संघांची तुलना केली तर २०२४ चा संघ मधल्या फळीतला ठरेल. ७१ भागिले ९० करा, ०.७८९ येतं. तक्त्यात हे '.७८९' असं, पुढचं शून्य गाळून छापतात. त्या वर्षी अंतिम मालिकेत त्यांनी सुल्तानेसना सलग चार सामन्यांत हरवलं. दहा वर्षांचा दुष्काळ असा संपला. पुढच्या वर्षी हालिस्कोच्या चार्रोसना हरवून त्यांनी विजेतेपद राखलं. दोन्ही वर्षी व्यवस्थापक लॉरेन्झो बंडी होते.

१९९९ ते २००३ या पाच वर्षांवर थोडं थांबा, कारण इथे नुसते निकाल लिहून भागत नाही. पाचही अंतिम मालिका दिआब्लोस आणि तिग्रेस यांच्यातच झाल्या. १९९९ दिआब्लोस, २००० आणि २००१ तिग्रेस, २००२ आणि २००३ पुन्हा दिआब्लोस. पण २००२ पासून तिग्रेस मेक्सिको सिटी सोडून पुएब्लाला गेले होते, आणि नाव झालं 'तिग्रेस दे ला आन्हेलोपोलिस'. म्हणजे शेवटच्या दोन मालिका एका शहरातल्या दोन संघांच्या नव्हत्या. २००७ पासून हाच संघ कान्कूनला जाऊन 'तिग्रेस दे किन्ताना रो' झाला. तीन नावं, तीन शहरं, संघ एक. टिपांत हे लिहिलं नाही, तर वाचणाऱ्याला ते तीन वेगळे संघ वाटतात.

उन्हाळा आणि हिवाळा एकत्र करू नका

हा घोळ सगळ्यांत जास्त होतो. मेक्सिकोत मोठ्या व्यावसायिक लीग दोन आहेत. मेक्सिकन बेसबॉल लीग उन्हाळ्यात, साधारण एप्रिल ते सप्टेंबर. पॅसिफिक लीग हिवाळ्यात, ऑक्टोबर ते जानेवारी, आणि तिचा विजेता कॅरिबियन मालिकेत खेळतो. दिआब्लोस पहिल्या लीगमध्ये आहेत. पण त्यांचे कित्येक खेळाडू हिवाळ्यात एर्मोसीयो किंवा कुलिआकानसारख्या शहरांच्या संघांतून खेळतात. 'कारकिर्दीतले होम रन' असा मोघम आकडा दिसला की तो कुठल्या लीगचा हे कळेपर्यंत तक्त्यात घेऊ नका.

नमुना म्हणून होम रनचा विक्रम घ्या. एक्तोर एस्पिनो यांचे ४५३ की ४८४? दोन्ही बरोबर. ४५३ मेक्सिकन लीगमधले, आणि ४८४ मध्ये अमेरिकन मायनर लीग पद्धतीच्या इतर स्पर्धांतलेही धरलेले आहेत. हा ४५३ चा विक्रम नेल्सन बारेरा यांनी २००१ मध्ये मोडला आणि ते ४५५ वर थांबले. बारेरा दिआब्लोसचे लाडके, त्यांचं बहुतेक आयुष्य या लाल गणवेशात गेलं. पण विक्रम मोडला तेव्हा ते ओआहाकाच्या गेर्रेरोस संघात होते. म्हणून '४५५ होम रन, दिआब्लोस' असं लिहू नका. '४५५, लीगमधले एकूण' असं लिहा आणि दिआब्लोसकडून मारलेले वेगळे मोजा.

प्रदर्शनीय सामनेही बाहेर ठेवा. मार्च २०२४ मध्ये मेजर लीगमधला न्यूयॉर्क यांकीज हा संघ मेक्सिको सिटीत आला आणि दिआब्लोसनी त्यांना दोन्ही सामन्यांत हरवलं. चाहत्यांच्या दृष्टीने ती वर्षातली मोठी बातमी होती, पण ते दोन विजय त्या ७१ मध्ये धरलेले नाहीत.

स्पॅनिश बॉक्स स्कोअर वाचणं

बॉक्स स्कोअर म्हणजे सामन्याचा धावफलक, प्रत्येक खेळाडूची एक ओळ. स्पॅनिश वर्तमानपत्रात फलंदाजीचे रकाने बहुधा या क्रमाने येतात: व्ही-बी (अधिकृत फलंदाजी, म्हणजे वॉक, सॅक्रिफाइस वगैरे वगळून उरलेल्या पाळ्या), सी (काढलेल्या धावा), एच (हिट, म्हणजे फटका मारून बेस, अर्थात धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठणं), सी-आय (आणलेल्या धावा). पिचरच्या ओळीत आय-पी म्हणजे टाकलेले डाव, सी म्हणजे दिलेल्या धावा, सी-एल म्हणजे 'स्वच्छ' धावा, ज्यात क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा धरत नाहीत. बी-बी म्हणजे दिलेले वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्याने फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस), के म्हणजे स्ट्राइकआउट (फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद).

गोंधळ होतो तो एकाच अक्षराच्या दोन अर्थांनी. नावापुढे 'सी' असेल तर तो कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा), रकान्याच्या डोक्यावर 'सी' असेल तर त्या धावा. 'जे-डी' क्षेत्ररक्षणात उजवीकडचा आउटफिल्डर, गुणतक्त्यात तेच 'पहिल्या संघापासून किती सामने मागे'. इंग्रजी तक्त्यात 'जी' म्हणजे खेळलेले सामने, स्पॅनिशमध्ये पिचरच्या नावापुढे 'जी' म्हणजे तो सामना त्याने जिंकून दिला. इंग्रजी आणि स्पॅनिश स्रोत एकाच तक्त्यात ओतताना हा शेवटचा फरक फार महागात पडतो.

आय-पी रकान्यातला ६.२ हा दशांश नाही. क्रिकेटच्या षटकांत ६.२ म्हणजे सहा षटकं आणि दोन चेंडू, तसंच इथे सहा डाव आणि दोन आउट. डावात तीन आउट असतात, म्हणजे ६.२ बरोबर सहा पूर्णांक दोन तृतीयांश. पिचरची सरासरी (दर नऊ डावांमागे दिलेल्या स्वच्छ धावा) काढायची तर स्वच्छ धावांना ९ ने गुणा आणि डावांनी भागा. समजा चार स्वच्छ धावा आणि ६.२ डाव. ३६ भागिले ६.६६७ केलं की ५.४० येतं. स्प्रेडशीटला ६.२ तसाच दिला तर ती ५.८१ दाखवेल. उपाय सोपा आहे. डाव लिहूच नका, आउट लिहा. ६.२ ऐवजी २० आउट, आणि सूत्र स्वच्छ धावा गुणिले २७ भागिले आउट. वर्षाची बेरीजही मग आपोआप बरोबर येते.

धावफलक पडताळायची युक्ती

जुन्या वर्तमानपत्रांच्या स्कॅनमध्ये ३ आणि ८, १ आणि ७ ओळखू येत नाहीत. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाकडे असलेल्या राष्ट्रीय वृत्तपत्रालयात जुन्या अंकांचा मोठा साठा आहे. फ्राय नानो यांनीच १९३० मध्ये काढलेलं 'ला आफिसिओन' हे क्रीडापत्र तर या कामाचा कणा. पण १९४० च्या कागदावरची शाई पसरलेली असते. आकडा अंदाजाने भरायचा मोह आवरा आणि ही पडताळणी करा.

मैदानावर येणाऱ्या प्रत्येक फलंदाजाचं शेवटी तीनपैकी एकच काहीतरी होतं: तो धाव काढतो, आउट होतो किंवा डाव संपेपर्यंत बेसवर अडकून राहतो. म्हणून एका बाजूला व्ही-बी, वॉक, चेंडू लागलेले आणि सॅक्रिफाइस (सहकाऱ्याला पुढे नेण्यासाठी स्वतः आउट होणं) यांची बेरीज, आणि दुसऱ्या बाजूला धावा, बेसवर राहिलेले आणि आउट यांची बेरीज, या दोन्ही सारख्याच यायला हव्यात.

समजा स्कॅनमध्ये पाहुण्या संघाचे ३४ व्ही-बी, ४ वॉक, १ चेंडू लागलेला, १ सॅक्रिफाइस. एकूण ४०. धावा ६, आउट २७, आणि बेसवर राहिलेले... शाईचा डाग. ४० वजा ३३ केलं की ७. डागाखाली ७ आहे असं आता खात्रीने लिहिता येतं. डागाखाली १ किंवा ७ असा संशय होता, तो मिटला.

जुळलं नाही तर आधी आउटची संख्या बघा. यजमान संघ पुढे असेल तर नववा डाव फलंदाजीला उतरतच नाही, म्हणून २४ आउट. शेवटच्या डावात त्यांनी विजयी धाव काढली असेल तर २४, २५ किंवा २६. याला मेक्सिकोत 'देहार एन एल तेर्रेनो' म्हणतात, म्हणजे समोरच्याला मैदानातच सोडून जाणं, आणि बातमीच्या मथळ्यात हे शब्द दिसले तर २७ धरू नका. दुसरं, सामना सात डावांचा होता का ते बघा. या लीगमध्ये एकाच दिवशी दोन सामने असले की ते सात-सात डावांचे खेळवतात, तिथे पूर्ण आउट २१. तिसरं, प्रतिस्पर्धी पिचरांनी दिलेल्या धावा आणि हिट यांची बेरीज आपल्या फलंदाजांच्या बेरजेशी ताडून बघा. इतकं करूनही फरक राहिला, तर चूक मूळ छपाईतच आहे. आकडा सुधारू नका, छापलाय तसा ठेवा आणि टीप द्या.

हे दुहेरी सामने बरेचदा पावसाची देणगी असतात. मेक्सिको सिटीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुपार उतरता उतरता पाऊस येतो, आणि संध्याकाळचा सामना अर्धवट थांबतो किंवा पुढे ढकलला जातो. थांबलेला सामना नंतर जिथून थांबला तिथून पुरा करतात, आणि अधिकृत नोंदीत त्याची तारीख पहिल्या दिवसाचीच राहते. वर्तमानपत्र मात्र तो ज्या दिवशी पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी छापतं. दोन स्रोतांत एक सामना दोन तारखांना दिसला, तर दोनदा मोजण्याआधी पाऊस आठवा.

उंचीचा हिशेब

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर आहे. हवा विरळ, त्यामुळे मारलेल्या चेंडूला अडथळा कमी आणि तो लांब जातो. त्याच कारणाने पिचरने फिरवलेला चेंडू नेहमीइतका वळत नाही, कारण त्याला वळवणारी हवाच पातळ असते. फलंदाजाला असा दुहेरी फायदा. २९ एप्रिल २०२३ ला आल्फ्रेदो आर्प एलू स्टेडियममध्ये सॅन दिएगो पाद्रेस आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स यांचा मेजर लीगचा सामना झाला. निकाल १६-११, होम रन ११. जगातले उत्तम पिचर तिथे होते आणि तरी असं झालं.

म्हणून २०२४ मध्ये रॉबिन्सन कानो यांनी दिआब्लोसकडून .४३१ सरासरीने (हिट भागिले व्ही-बी) लीगचा फलंदाजीचा मान मिळवला, ते वाचताना उंची लक्षात ठेवा. त्याने कर्तृत्व कमी होत नाही, पण मेरिदा किंवा कान्कूनसारख्या, समुद्रसपाटीच्या जवळपासच्या मैदानावर खेळणाऱ्याच्या .३४० शी थेट तुलनाही होत नाही. त्याच वर्षी दिआब्लोसचे पिचर ट्रेव्हर बाउअर एकही सामना न हरता १० जिंकले, आणि याच कारणाने पिचरच्या बाजूचा तो आकडा फार मोठा मानायला हवा. या लीगमध्ये ५ च्या आसपासची धाव-सरासरी असलेला पिचर संघात टिकतो. जमेल तिथे घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे काढा. पूर्ण हंगामाची फोड मिळत नसेल तर निदान मैदानाचं नाव शेजारी असू द्या.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

आताच्या स्टेडियमसाठी मेट्रोच्या ९ क्रमांकाच्या मार्गावर पुएब्ला किंवा सिउदाद देपोर्तिव्हा स्थानकाला उतरा. मंगळवार ते गुरुवार एक मालिका, शुक्रवार ते रविवार दुसरी, सोमवार बहुधा सुट्टीचा, अशी आठवड्याची रीत. छत त्रिशूळाच्या आकाराचं आहे, सैतानाच्या हातातल्या त्रिशूळावरून घेतलेलं, आणि खालचे काँक्रीटचे उतरते ठोकळे जुन्या पिरॅमिडांची आठवण करून देतात. आवारात संघाचं संग्रहालयही आहे, तक्त्यातल्या अडलेल्या नोंदींसाठी तिथे आधी जा, सामना नंतर. खायला कोचिनीताचे टाको घ्या, म्हणजे आंबूस लाल वाटणात शिजवलेलं डुकराचं मांस मक्याच्या छोट्या पोळीत. सेगुरो सोसिआलच्या काळापासून या संघाच्या सामन्यांचं हेच खाणं. त्यावरचा लाल कांदा बेताने घ्या, त्यात आबानेरो मिरची असू शकते. खेळाडूंच्या सन्मानाचं राष्ट्रीय दालन मात्र मेक्सिको सिटीत नाही, ते मॉन्टेरेला आहे.

शेवटी १९८५ च्या ओळीबद्दल. तिथे विजेतेपद लिहिलं जाईलच. टिपांच्या रकान्यात १९ सप्टेंबरही लिहा. त्या सकाळच्या भूकंपानंतर ढिगाऱ्यांखालून काढलेले मृतदेह ओळख पटवण्यासाठी पार्के देल सेगुरो सोसिआलच्या मैदानावर ठेवले होते, आणि आपलं माणूस शोधणारी कुटुंबं त्या रांगांतून फिरत होती. बऱ्याच वर्षवार याद्यांत त्या साली फक्त 'विजेते' एवढाच शब्द आहे.